पूर्वजांची फुंकर

खरे काय आणि बनावट काय, हे आपल्याला पाहताक्षणी कळते, असे मुनीचे ठाम मत होते. मुनी मुळातच मितभाषी असल्यामुळे हे मत खोडून काढण्याची संधी आजवर कुणाला मिळाली नव्हती. आणि न खोडलेले मत न कापलेल्या नखासारखे वाढतच जाते.

मुनी हे अर्थातच त्याचे खरे नाव नव्हे. तो एका ग्रंथालयात पुस्तकांच्या पाठीवर क्रमांकाच्या चिठ्ठ्या चिकटवण्याचे काम करी. दिवसचे दिवस त्याला बोलावे लागत नसे, आणि लागले तरी शब्द ओठांपर्यंत येऊन चपला विसरल्यासारखे परत फिरत. हे पाहून कप्तानने त्याला मुनी करून टाकले होते. कप्तान म्हणजे शाळेपासूनचा मित्र. आता विम्याच्या कार्यालयात असला, तरी सहल निघाली की गळ्यात शिट्टी अडकवणारा. तिसरी कप्तानची बायको. मुनी तिला वहिनी म्हणे, आणि दर हिवाळ्यात ती त्याच्यासाठी न मागता पायमोजे विणी.

तिघे त्या डोंगरमाथ्यावरच्या वस्तीत पोहोचले तेव्हा चौकात नाच चालू होता. डोंगरातली माणसे रंगीत पोशाखात फेर धरून नाचत होती आणि बसमधून उतरलेली माणसे डोळ्यांसमोर फोन धरून ते पाहत होती. नाचणाऱ्यांपैकी एकाने नाचता नाचता हळूच जांभई गिळली. मुनीने ती टिपली.

"हे सगळं नाटक आहे," तो म्हणाला.

"तिकीट काढलंय, म्हणजे नाटकच असणार!" कप्तान म्हणाला. "आता घरं दाखवतील. रांगेत राहा."

"मी मागच्या वाटेने जातो. खरं आयुष्य घराच्या मागच्या दारी असतं."

"मागच्या दारी कचरा असतो, मुन्या!"

"जाऊ द्या हो त्यांना," वहिनी म्हणाली. "भावजी, मोजे घातलेत ना? वर गारठा आहे."

मुनीने पँट किंचित वर करून पिवळेधमक मोजे दाखवले आणि तो सत्याच्या शोधात निघाला.

मागच्या वाटेवर खरोखरच कचरा होता. तो ओलांडून मुनी एका परसात आला. दार उघडे होते. आत एक म्हातारी, अंगात पुरुषी स्वेटर, टीव्हीवरची मालिका पाहत पाहत इस्त्री करत होती. आणि इस्त्रीखाली होता तोच रंगीत पोशाख, जो चौकात पाहून बसमधल्या बायकांनी 'अगं बाई!' म्हटले होते. कोपऱ्यात कपडे धुण्याचे यंत्र घरघरत होते. मुनीचे मन खट्टू झाले. इतका डोंगर चढून यावे आणि पलीकडे आपलेच घर निघावे, तसे त्याला वाटले.

"वाट चुकलास?" म्हातारीने मालिकेवरची नजर न काढता विचारले.

मुनी उत्तराची जुळवाजुळव करत असतानाच वळणावर शिट्टी वाजली. ती कप्तानची नव्हती; वाटाड्याची होती. घरे दाखवण्याची फेरी निघाल्याची ती खूण.

म्हातारी ताडकन उठली. टीव्हीवर चटई पडली, यंत्रावर घोंगडी पडली, स्वेटरवर पोशाख चढला. जादूगारानेही तोंडात बोट घालावे अशी चपळाई! मग तिने मुनीकडे पाहिले, वरपासून खालपर्यंत, दुकानदार कापड पाहतो तसे.

"तुला गप्प बसता येतं?"

हा प्रश्न मुनीला आयुष्यात प्रथमच कुणीतरी विचारत होते. आजवर सगळ्यांनी उलटाच विचारला होता. त्याने मान हलवली.

"मग बस चुलीपाशी! आमच्या घराच्या वाट्याला 'चुलीपाशी ध्यानस्थ बसलेला घरधनी' आलाय. शेजारच्या घरात सूत कातणारी, त्याच्या पुढच्या घरात दळणारी, आमच्याकडे हा. आणि आमचा घरधनी गेलाय खाली शहरात दात काढायला. सकाळीच यायचा, पण बसला असेल कुणाशी तरी बोलत. दात काढला तरी जीभ शाबूत आहे ना! रोज तासभर तोंड मिटून बसायचं म्हणजे त्याला जन्मठेप वाटते."

"पण मी…"

"आज नेमका सहल-कार्यालयाचा साहेब आलाय तपासायला. घरधनी दिसला नाही तर फेरीतून आमचं घर काढणार आणि माझ्या जावेचं घालणार. ती बोका दुधावर बसावा तशी टपून बसलीय! अरे, मोठ्या हिमतीनं उभं केलंय मी हे. फेरी गेली तर म्हातारपणी आम्हाला लेकीच्या दारात जाऊन राहावं लागेल. डोंगर सोडून!"

शेवटचे दोन शब्द उच्चारताना तिचा आवाज किंचित हलला. ते मात्र नाटक नव्हते. मुनीला पाहताक्षणी कळले.

तोवर त्याच्या डोक्यावर भुवयांपर्यंत लोकरी टोपी बसली होती आणि हनुवटीपर्यंत दुसरी एक घोंगडी. म्हातारीने त्याचा चष्मा काढून घेतला.

"आमच्यात चष्मा नसतो," ती म्हणाली. "म्हणजे असतो. पण लोक गेल्यावर."

आणि हातात एक फुंकणी देऊन तिने बजावले, "मी खाकरले की निखाऱ्यावर हलकेच फुंकायचं. बाकी काही नाही."

फेरी आत आली. चष्म्यावाचून मुनीला माणसे दिसत नव्हती; धुरात हलणारे रंगाचे डाग तेवढे दिसत होते. पुढचा पांढराशुभ्र डाग साहेब असावा. त्याच्या शेजारचा वाटाड्या अनोळखी घरधनी पाहून क्षणभर थबकला. पण साहेब कोपराशी उभा असताना थबकून चालणार नव्हते.

"मंडळी! हा या घरचा घरधनी. दिवसचे दिवस एक शब्द बोलत नाही!"

वाटाड्या पोटासाठी खोटे बोलत होता आणि त्याच्या नकळत ते खरे ठरत होते.

"आहाहा!" डागांतून एक ओळखीचा आवाज आला. कप्तान! मुनीचे काळीज घोंगडीच्या आत उडी मारून कोपऱ्यात जाऊन बसले. "काय शांती आहे बघ चेहऱ्यावर! नाहीतर आपला मुनी. कपाळावर कायम आठ्या, जसा काही विम्याचा हप्ता चुकलाय! तो इथं असायला हवा होता. खरा माणूस म्हणजे काय, ते तरी कळलं असतं."

"हो ना," वहिनी म्हणाली. आणि एकाएकी थांबली. तिची नजर घोंगडीच्या खालच्या टोकाशी गेली होती. तिथून पिवळाधमक मोजा, उन्हाला बाहेर पडलेल्या सरड्यासारखा, डोकावत होता.

मुनीने डोळे मिटून घेतले. आता हसू फुटणार, नाव पुकारले जाणार आणि म्हातारी डोंगर सोडून लेकीच्या दारात जाणार!

"बिचाऱ्याचे पाय उघडे पडलेत," वहिनी शांतपणे म्हणाली. "थंडी वाजत असेल हो." आणि तिने आपली शाल काढून त्याच्या पायांवर पांघरली, कडा नीट आत खोचून.

लोक पाहत राहिले. मुनीला आयुष्यभर नजरांची भीती वाटत आली होती. चार माणसे जमली की तो कपाटाच्या बाजूने उभा राही. पण इथे कुणालाच त्याने काही बोलावे असे वाटत नव्हते. तो जसा होता तसाच त्यांना हवा होता, फक्त दुसऱ्याच्या टोपीत. आपण पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या लावतो, त्या पुस्तकांना असेच वाटत असेल काय? पाठ वाचून सगळे पुढे जातात. तेवढ्यात एक अनोळखी बाई, आपले बोलणे या डोंगरी माणसाला थोडेच कळणार अशा विश्वासाने, शेजारणीला हळूच म्हणाली,

"किती एकटा दिसतो गं हा."

मुनीच्या घशाशी काहीतरी अडकले. ग्रंथालयात, घरात, कप्तानच्या इतक्या सहलींत जे कुणी कधी म्हटले नव्हते, ते एका परक्या बाईने त्याला परका समजून म्हटले होते.

म्हातारी खाकरली.

मुनीने फुंकणी तोंडाला लावली. हलकेच फुंकायचे होते. पण घशाशी अडकलेले ते सगळे एकदमच बाहेर आले. वर्षानुवर्षे न बोललेले, चपला विसरून परत फिरलेले एकूण एक शब्द त्या फुंकणीतून सुटले! आणि चष्मा नसल्यामुळे फुंकणीचे टोक निखाऱ्यावर नव्हते. चुलीशेजारी रचलेल्या राखेच्या ढिगात होते.

ढग उठला. असा उठला, की डोंगरावर दुसरा डोंगर उभा राहिल्यासारखे वाटले! कप्तानच्या शिट्टीत राख गेली आणि त्याच्या प्रत्येक खोकल्याबरोबर ती वाजू लागली. ढग खाली बसला तेव्हा साहेब पांढऱ्याचा करडा झाला होता. नुसते डोळे तेवढे उघडमीट करत होते.

म्हातारीने पदराचे टोक दातांत धरले. आणि नेमकी तेव्हाच दारातून जाऊबाई आत डोकावली.

"काय झालं? अगंबाई! हा कोण? हा तर…"

"आशीर्वाद!" वाटाड्या किंचाळला. बुडत्याला काडीचा आधार असतो; याला राखेचा होता. "राखेचा आशीर्वाद, मंडळी! फार क्वचित मिळतो! घरधनी प्रसन्न झाला तरच!"

साहेबाने मिशीवरची राख बोटाने टिपली, तिच्याकडे निरखून पाहिले आणि जाऊबाईकडे वळून विचारले, "तुमच्या घरात नाही का ही प्रथा?"

जाऊबाईचे तोंड उघडेच होते. 'हा कुणी उपटसुंभ आहे' हे वाक्य जिभेच्या टोकावर आले होते. पण नाही म्हणावे, तर थोरल्या जावेकडे आहे आणि आपल्याकडे नाही असे काहीतरी जगात आहे, हे चारचौघांत कबूल करावे लागणार! ते तिच्या सात जन्मांत झाले नसते.

"नाही कशी?" ती फणकारली. "आमच्याच घरातून तर उचललीय यांनी!"

मग काय विचारता! करड्या साहेबाने जागच्या जागी हुकूम सोडला: फेरीत दोन्ही घरे राहतील, आणि राखेचा आशीर्वाद रोज होईल. मंडळी मुनीसमोर रांग लावून उभी राहिली. पहिला नंबर कप्तानचा. त्याने डोळे मिटून, हात जोडून, आपल्या शाळासोबत्याकडून तोंडभर राख घेतली आणि गहिवरून म्हणाला, "हे शहरात मिळणार नाही!"

परतीच्या बसमध्ये कप्तान सारखा हळहळत होता. "मुन्या, कुठे उलथला होतास? जे बघायला आलास, नेमकं तेच हुकलं की रे तुझं!"

मुनी काहीतरी सांगणार होता. शब्द ओठांपर्यंत आलेही. पण वहिनीने रुमाल पुढे केला. "भावजी, कानामागे राहिलीय थोडी," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली. तिचे खांदे मात्र घाटाचा रस्ता संपेपर्यंत हलत होते.

पुढच्या वर्षी मुनीला त्याचे हुकलेले सत्य दाखवण्यासाठी कप्तानने त्याला पुन्हा तिथे नेले. वस्तीच्या वेशीवर आता फुंकणी धरलेल्या घरधन्याचे मोठे चित्र लागले होते आणि घराघरांतून राखेचे ढग उठत होते. म्हातारीच्या घरात चुलीपाशी खराखुरा घरधनी बसला होता. तोंड मिटून ठेवण्याच्या यातनांनी त्याच्या चेहऱ्यावर विलक्षण तेज आले होते. वाटाड्या सांगत होता, "पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली प्रथा, मंडळी!"

मुनीच्या तोंडून नकळत निघून गेले, "पिढ्यान्‌पिढ्या? पण मागच्या वर्षी तर…"

"श्श!" कप्तानने त्याचा दंड दाबला. "आपल्याला काय कळतंय यातलं? आपण बाहेरची माणसं!"

राख उडाली. मंडळी धन्य होऊन पुढच्या घराकडे गेली. मुनी मात्र दारात रेंगाळला. चष्म्याच्या काचा पुसत, खोकत, नेहमीप्रमाणे आत जाण्यासाठी शब्द शोधत.

शेवटचा पाहुणा गेला असे समजून घरधनी बांध फुटल्यासारखा बोलू लागला, "डोळे गेले माझे! छाती गेली! आधी नुसतं गप्प बसायचं होतं, आता हे! कुठल्या शहाण्यानं सुरू केलं हे? सांग ना! कुणी काढलं हे खूळ?"

"तुमच्या पूर्वजांनी," म्हातारी टीव्हीवरची चटई काढत म्हणाली. तिची नजर दाराकडे गेली, पिवळ्या मोज्यांवर स्थिरावली आणि सुरकुत्यांतून हसली. "आता बडबड पुरे, आणि चहा टाका बघू आधी. पूर्वज केव्हाचे दारात उभे आहेत!"