साहेबांना काढलं तेव्हा

बिस्किटांचे पुडे खोक्यात भरणारं यंत्र उत्तम चालत होतं. फक्त ते कसं चालतं, हे कारखान्यात कोणालाच ठाऊक नव्हतं. मूळ प्रोग्राम ज्या संगणकावर होता, तो कधीच भंगारात गेला होता. उरली होती ती यंत्राच्या पोटातली आकड्यांची भाषा. ती उलगडून माणसाला वाचता येईल असा प्रोग्राम पुन्हा लिहायचा, हे काम नव्या प्रोग्रामरच्या गळ्यात पडलं. जमलं तर नोकरी पक्की, नाहीतर नारळ.

अशा उलगडण्यात प्रत्येक भागाचं काम कळतं, नाव कळत नाही. नावं आपणच ठेवायची असतात, आणि त्यात हा पठ्ठ्या पटाईत होता. प्रत्येक पुडा पुन्हा पुन्हा तपासून नाक मुरडणाऱ्या भागाला त्याने 'आत्याबाई' केलं. एक भाग काहीच करत नव्हता. क्षणभर नुसता थांबायचा आणि मग बाकीच्यांना कामाला लावायचा. त्याला 'साहेब' हे नाव अगदी चपखल बसलं.

चाचणीच्या दिवशी ही नावं यंत्राच्या पडद्यावर झळकायला लागली.

"अहो, इथे 'साहेब: काम शून्य' असं दिसतंय," यंत्र चालवणाऱ्या बाई म्हणाल्या. "आणि साहेब जिन्यात आहेत."

प्रोग्रामर पडद्याकडे धावला. नाव बदलायचं तर जागोजागी बदलावं लागणार. त्यापेक्षा तो भागच बंद केला तर? तसाही तो काय दिवे लावत होता.

साहेब आले. यंत्र सुरू झालं. पहिला पुडा जमिनीवर पडला, दुसरा थेट साहेबांच्या पोटावर आदळला.

"थांबवा ते. काय केलंत तुम्ही?"

प्रोग्रामरच्या तोंडून निघून गेलं, "साहेबांना काढलं."

"कोणाला?"

मग सगळं सांगावंच लागलं. तो भाग थांबायचा, म्हणून खोक्याला जागेवर यायला वेळ मिळायचा. त्याने तो पुन्हा चालू केला, तसे पुडे निमूट खोक्यात जाऊन बसले.

साहेबांनी शर्टावरचा चुरा झटकला. "म्हणजे साहेब काही करत नाहीत, पण काढले की सगळं जमिनीवर."

"हो... म्हणजे, यंत्रापुरतं."

"नाव बदलू नका. मालकांना दाखवायचंय मला. तुमची नोकरी पक्की समजा." मग ते पडद्याकडे वाकले. "या आत्याबाई मात्र उगाच वेळ खातात. यांना काढून बघितलं का?"

"हिंमत नाही झाली, साहेब. मी त्यांच्याच घरी राहतो."