वाचनपूर्व स्थितीचं जतन

पौडच्या पुढं, डोंगराच्या कुशीतल्या एका शाळेत गंभीर अनियमितता घडली. दुसरीतली कल्पना वाचू लागली. नव्या शिक्षिका हुमा यांनी तिला शिकवलं, आणि तेही मार्गदर्शक शिक्षक येण्याच्या चार दिवस आधी.

कल्पनाची आजी चिमाबाई मेंढरं राखायची. मागल्या साली चुकीचं औषध पाजल्यानं तिची दोन कोकरं दगावली होती. "बाई, पोरीला बाटलीवरचं तेवढं वाचता येऊ द्या. मला दुसरं काय बी नगं," एवढंच तिचं मागणं. हुमा तीन महिने पोरीला घेऊन बसली होती.

मार्गदर्शक बंडोपंत सर भूगावच्या फ्लॅटमधून सोमवारी आले. अनुभव अठ्ठावीस वर्षांचा. त्यातली शेवटची चौदा वर्षं अनुभव सांगण्यातच गेल्यानं वर्गात जायला सवड मिळाली नव्हती. कल्पनानं धडा घडाघडा वाचला, तसा सरांचा चेहरा उतरला.

"मॅडम, हे काय करून बसलात?"

"वाचायला शिकवलं, सर."

"कुणाच्या मार्गदर्शनाखाली?"

हुमानं कल्पनाचं पुस्तक मिटून ठेवलं.

"मार्गदर्शन आजपासून सुरू होतंय. 'मार्गदर्शनापूर्वी' या रकान्यात न वाचणाऱ्या मुलाचा फोटो लागतो. तुमच्याकडे एकही शिल्लक नाही?"

"कल्पना शेवटचीच होती."

"मग ती वाचत नाही, असं ठरवू. महिनाभर. नाहीतर तुम्हाला सेवेत कायम करायच्या अहवालावर मी सही कशी करू?"

हे सगळं पोरीच्या देखत. हुमाची तळपायाची आग मस्तकात गेली. पण घरी पगाराची वाट पाहणारी माणसं होती. "मी सांगेपर्यंत वाचायचं नाही," ती कल्पनाला म्हणाली, आणि तिला स्वतःचीच लाज वाटली.

पुस्तक उलटं धरायला लावून फोटो निघाला. भिंतीवरचे तक्ते उतरले. पोरगी सवयीनं वाचेल म्हणून टाकीवरच्या 'पिण्याचे पाणी' या अक्षरांना चुना फासला. सर दर सोमवारी प्रगती तपासत. अजून वाचत नाही ना? उत्तम.

महिना संपला, 'मार्गदर्शनानंतर'चा दिवस उजाडला. चिमाबाई बाटली घेऊनच आली. "कोकराला हगवण लागलीया. वाच गं, काय लिवलंय?"

"वा! जीवनाशी जोडलेलं शिक्षण!" सरांनी मोबाइल सरसावला.

कल्पनानं बाटली घेतली, उलटी धरली आणि तोंड घट्ट मिटलं.

"वाच, बाळा. आता वाच," हुमा काकुळतीला आली.

"न्हाई. मी वाचलं तर तुमची नोकरी जाईल."

हुमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. सरांनी तेवढ्यात फोटो काढला. मग हुमानं स्वतः बाटली सरळ करून औषधाचं नाव वाचून दाखवलं.

"आज तुमी वाचलं, बाई," चिमाबाई म्हणाली. "उद्या डोंगरात कोन वाचंल?" ती पोरीचा हात धरून निघून गेली.

फोटोत आवाज येत नाही, ही मोठी सोय आहे. 'मार्गदर्शनाचं यश : शिक्षिकेचे आनंदाश्रू' अशा मथळ्याखाली तो व्हॉट्सअॅपच्या गटागटांतून फिरला. हुमा कायम झाली. पुढल्या वर्षी ती मार्गदर्शक आहे.

फोटो तुम्हालाही आला होता. तुम्ही हात जोडलेत, अंगठा दाखवलात, चार जणांना पाठवलात. बाटली उलटी आहे, असं मात्र तुम्ही म्हणाला नाहीत. आणि तुम्हाला तर वाचता येतं.