दोन्ही वायरी सारख्या

लालबागच्या आमच्या चाळीत कोणाकडे नवा स्टिरिओ आला, की पेढे वाटून व्हायच्या आत परबकाका हजर. खांद्यावर वायरीचं भेंडोळं, खिशात सुतळी. मशीनकडे ढुंकूनही न बघता ते आधी खोलीत जागोजागी बसून पाहायचे. खुर्चीत, कॉटवर, खिडकीच्या कट्ट्यावर. शिरोडकरांकडे तर देवघरापुढच्या पाटावर पाच मिनिटं डोळे मिटून बसले. शिरोडकरवहिनींना वाटलं, काकांना उपरती झाली. त्यांनी हातावर प्रसाद ठेवला. काकांनी तो खाल्ला आणि सांगितलं, "हयसून डाव्या बाजूचो आवाज चढतलो."

काका मूळचे मालवणकडचे. मिलमध्ये साचेखात्यात, म्हणजे जिथे मागावर कापड विणतात तिथे, फिटर होते. शेकडो माग एकदम धडधडत असताना त्यातला कुठला लंगडतोय हे ते दारातूनच ओळखायचे, असं त्यांच्याबरोबरचे लोक सांगत. संप झाला, लांबला, आणि काकांना मिलने परत घेतलं नाही. बायको-मुलं गावी शेतीवर गेली. काका इथेच राहिले, परळच्या एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागले, आणि माग ऐकणारा कान आता मोकळाच होता, तो स्टिरिओला लावला.

मी विमा कंपनीत चिकटल्यावर हौसेने डेक, अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर घेतले. बरोबर आलेली वायर हातभर, म्हणून दोन्ही स्पीकर कपाटावर शेजारी शेजारी ठेवून मोकळा झालो. काका आले, बघितलं आणि कोणी वारल्यासारखा चेहरा केला. मग मला म्हणाले, "वायर बघून सामान मांडलंस? आधी माणूस खंय बसतलो ता सांग. मग स्पीकर. मग मशीन. वायर मागसून. कापलली वायर काय वाढणा नाय."

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत माणसं होती सहा आणि ती कुठेही बसायची. काकांना हे पटेना. शेवटी त्यांनी आजोबांची आरामखुर्ची धरली आणि तिथून सुतळी ताणायला सुरुवात केली. कपाट सरकलं, कॉट आडवी झाली, तांदळाचा डबा मोरीपाशी गेला. आईने फक्त गॅसची शेगडी हलवू दिली नाही. काकांनी तिचीही एकदा विचारणा केली होती.

मग वायर. नाकाच्या शेंड्यापासून ताणलेल्या हाताच्या बोटापर्यंत एक वार, हे त्यांचं माप. तीनदा मोजायचं, चौथ्यांदा कापायचं. उजव्या स्पीकरपर्यंत दारावरून, भिंतीच्या कडेकडेने सहा वार लागली, डाव्याला जेमतेम एक. तरी काकांनी दोन्हीकडे सहा सहा वारच कापली.

माझ्या ऑफिसातला एक इंजिनीअर झालेला मित्र तेव्हा घरी होता. एवढ्याशा अंतराने आवाजात काही फरक पडत नाही, उगाच वायर वाया जाते, असं त्याने समजावून सांगितलं. काकांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"तुका दोन कान आसत मा? सारखे आसत मा? मग वायर सारखी."

उरलेली पाच वार त्यांनी भिंतीलगत नागमोडी पसरली. वेटोळं केलेलं त्यांना चालत नसे. पुढे कित्येक महिने आई केर काढताना त्या वायरीत झाडू अडकला की काकांचा उद्धार करायची, आणि ते आले की चहात आलं जास्त घालायची. आवाज मात्र असा लागला होता, की आजोबा खुर्ची सोडायला तयार होईनात.

चाळीत एकच घर असं होतं, जिथे काका कधी गेले नाहीत. गॅलरीच्या पार टोकाला तुकाराम घाग राहायचे. दोघं एकाच खात्यातले, एका पाळीचे, चाळीच्या भजनी मंडळातही एकत्र. संप ऐन भरात असताना घागांची धाकटी मुलगी आजारी पडली आणि ते मान खाली घालून कामावर गेले. तेव्हापासून काका त्यांच्याशी बोलले नव्हते. घाग समोरून आले की काका गॅलरीच्या कठड्यावरून खाली बघत उभे राहायचे. अशी सहा वर्षं गेली.

मग घागांना लकवा झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. दिवसभर छताकडे बघत पडून असतात, असं घागकाकू नळावर सांगत होत्या. काका बादली भरत होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळीच त्यांनी मला बोलावलं आणि वायरीचं एक टोक हातात दिलं. त्यांच्या स्वतःच्या डेकपासून निघालेली वायर कपडे वाळत घालायच्या खिळ्यांवरून आम्ही गॅलरीभर नेली. मधे कोणीतरी तिच्यावर टॉवेल वाळत घातला, तो काढून परत दिला. बावीस वार झाली. काकांचा एक स्पीकर त्यांच्या खोलीतच राहिला होता, तीन वारांवर.

"काका, सारखी नाही झाली," मी म्हटलं.

"धर नीट," ते म्हणाले.

घागांच्या उंबऱ्याशी ते थांबले. दुसरा स्पीकर माझ्याकडे दिला आणि बाहेरूनच विचारत राहिले, डोकं कुठल्या बाजूला आहे, उशी किती उंच आहे. मी स्पीकर डाव्या कुशीला स्टुलावर ठेवला. काका परत गेले आणि थोड्या वेळाने आवाज आला.

टाळ, पखवाज, लोकांची खोकाखोक. आमच्याच चाळीच्या गणपतीतलं भजन होतं, संपाच्या आधी कोणीतरी टेप केलेलं. मग एक भरदार, मोकळा आवाज लागला. घागकाकू हातातलं पातेलं तसंच धरून उभ्या राहिल्या. "ह्यांचाच आवाज हा," त्या म्हणाल्या.

घागांनी मान वळवली नाही. पण चादरीवरचा डावा हात हलायला लागला.

मी धावत जाऊन काकांना सांगितलं. ते डेकसमोर जमिनीवर बसले होते.

"ताल धरल्यान?" त्यांनी विचारलं.

"धरला. डाव्या हाताने."

काका उठले. खुंटीवरचा शर्ट घातला, बटणं लावली आणि गॅलरीतून चालत गेले. घागांच्या दाराशी थोडे घुटमळले, मग आत गेले. काकूंनी पाट सरकवला.

इकडे काकांच्या खोलीत कॅसेटची एक बाजू संपली. ती उलटायला बराच वेळ कोणी आलं नाही.