काठगावच्या पाटांची हकीकत

श्री नदीमाय प्रसन्न. आज्ञा जाहली की पाटांचा मजकूर खराखुरा लिहावा, पदरचे मीठ घालू नये. तरी चवीपुरते पडल्यास क्षमा असावी. शके सतराशे बारा, साधारण नाम संवत्सरे, एक राज्य होते. त्यात डोंगरमाथ्यावरचे लोक बहुत, दरबारही त्यांचाच, आणि नदीकाठचे काठकर नावाडी मूठभर. दरबारच्या पंगतीस काठकरांनी भिंतीकडे तोंड करून जेवावे ऐसा रिवाज. त्यांचे भिवजी नाईक तीस वर्षे भिंत पाहात जेवले, आणि मागे वळून पंगत पाहता पाहता मान कायमची डावीकडे कलली. मान दुखे, त्याहून मन दुखे. म्हणून यंदा रिवाज मोडावा ऐसा अर्ज लिहवून पागोट्यात खोचला.

निघणार तों घरी नातू जाहला! आनंदास पारावार नाही. होड्यांवर नौबत वाजली, घरोघर साखर वाटली, आणि बाराव्या दिवशी बारशाची पंगत मांडली. आता काठगावात पाटीलकी काठकरांची, घाट त्यांचा. माथ्यावरचे घर एकच, येसू सुईणीचे. तिनेच आडवे मूल सरळ करून नातू सुखरूप हाती दिला, आणि तिचाच पाट भिंतीकडे तोंड करून मांडला. नाईकांच्या कुटुंबाने, सरजाबाईने, पाट फिरवावा म्हटले. नाईक हसून बोलले की हे तर उट्टे. आपण मूठभर, मूठभरांचा जुलूम तो कसला? बाई म्हणाली, "मिरची केवढीशी असते? तोंड पोळायचे राहते काय?" नाईकांनी कानाडोळा केला. मग बायका गात गात बाळास पंगतीत घेऊन आल्या, आणि बाळ दिसावे म्हणून येसूने मान वळवली, तीही डावीकडेच. नाईकांच्या मानेत कळ आली, घास हातीच राहिला. उठले, बाळ घेऊन येसूच्या मांडीवर ठेविले आणि बोलले, "येसूबाई, तीस वर्षे ज्यास शिव्या दिल्या, तेच मी घरी मांडले. चुकलो."

"चुकलात खरे," येसू बोलली. "आता तूप वाढा, भात निवतो आहे."

मग एकच हशा उसळला, पाट फिरले, आणि नाईक दरबारी गेले. कारभारी डोळे वटारून पुसते जाहले, "तुमच्या गावी आमचे माणूस कोठे बसते?" बारशाआधी पुसते तर नाईकांस भिंतच दाखवावी लागती. आता बोलले, "माझ्या शेजारी. साहेबांनी जेवावयास यावे." साहेब आले, तीनदा भात घेतला, अर्ज मंजूर केला.

येणेप्रमाणे पाट फिरले. नाईकांची मान मात्र सरळ जाहली नाही, म्हणून ते येसूस सदैव डाव्या हातास बसविती. हे पोटभर जेवून लिहिले असे.