परचुऱ्यांची झुरिकची गाडी

डॉक्टर परचुरे दर रविवारी सकाळी दोन बॅगा घेऊन लंडनमधल्या आमच्या पिनर स्टेशनवर येतात, जिना चढतात, उतरतात, घड्याळ बघतात आणि घरी जातात. गाडीत बसत नाहीत. सुरुवातीला स्टेशनवरच्या माणसाने दोनदा विचारलं, हरवलात का म्हणून. आता तो नुसती मान हलवतो.

बॅगा दोन, म्हणून माणसं दोन. दुसरा मी. शेजारी राहतो आणि नाही म्हणता येत नाही, एवढीच माझी पात्रता. त्यांच्या बॅगेत दहा किलो तांदूळ असतात, माझ्या बॅगेत चार. हा त्यांचा दयाळूपणा, असं मी धरून चाललो होतो.

परचुरे भुलीचे डॉक्टर. इथल्या हॉस्पिटलांत त्यांनी आयुष्यभर लोकांना झोपवलं. रिटायर झाल्यावरही ते काम चालूच आहे, फक्त इंजेक्शनऐवजी टाइमटेबल वापरतात. लंडनहून पॅरिस, तिथून झुरिक, मग कूर, आणि कूरहून आल्प्स ओलांडून इटलीत उतरणारी लाल गाडी. पुढे व्हिएन्ना, परतताना जर्मनी. सगळा नकाशा जेवणाच्या टेबलावर काचेखाली असतो, त्यामुळे त्यांच्याकडे जेवायला गेलं की माझी आमटी हमखास ऑस्ट्रियावर सांडते. डोंगर कुठल्या खिडकीतून दिसतात यावर ते अर्धा तास बोलू शकतात, आणि बोलतात. "कनेक्शन चुकलं की ट्रिप गेली," हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मीच ते बायकोला ऐकवतो.

खरं तर ही ट्रिप नलिनीवहिनींची. त्या लाल गाडीचा फोटो त्यांनी फ्रिजवर लावला होता. दरवर्षी जायचं ठरायचं आणि दरवर्षी डॉक्टरांचा ऑन-कॉल आडवा यायचा. रिटायर झाल्यावर जाऊ, म्हणाले. रिटायर झाले तेव्हा वहिनींचे गुडघे गेले होते. ऑपरेशनची तारीख येण्याआधी वहिनीच गेल्या. त्याला आता दोन हिवाळे झाले.

रविवारच्या या प्रवासाच्या तालमीत माझं एकदाही कौतुक झालेलं नाही. मी भरभर जिने चढणारा माणूस, आणि मागून सूचना यायची, "हळू, कुलकर्णी. कठड्याला धरा." वर पोचलो की मधे एकदा टेकायचं राहिलं, म्हणून परत खाली. मला राग यायचा. नोव्हेंबरच्या भुरभुर पावसात तांदूळ घेऊन कठड्याला धरून चालण्यात काय मजा आहे?

मग क्रॉयडनहून त्यांच्या मुलीचा, मीराचा फोन आला. "काका, बाबा होल डे त्या टेबलवरच बसतो. ह्या वेळी तुम्ही बुक करून द्या ना प्लीज. नाहीतर हा पण विंटर असाच जाणार."

शनिवारी दुपारी गेलो. चारलाच अंधारून आलं होतं. एवढ्या मोठ्या घरात एकाच खोलीत हीटिंग चालू होतं. मी लॅपटॉप उघडला, ते वेळा सांगत गेले. झुरिकपर्यंत सगळं ठीक चाललं. तिथे आठ मिनिटांत पुढची गाडी होती, आणि डॉक्टरांनी ती सोडून तासाभरानंतरची धरली होती. त्यामुळे लाल गाडी चुकत होती आणि कूरला एक मुक्काम उगाच पडत होता. मी म्हटलं, डॉक्टर, इतकं तपासूनही इथे चूक राहिली.

"चूक नाही," ते म्हणाले. "नलूला आठ मिनिटांत प्लॅटफॉर्म बदलता येत नाही."

माझी चार किलोंची बॅग दाराशीच उभी होती. इतके रविवार मी कोणाच्या पायांनी चालत होतो, ते मला तेव्हा कळलं, आणि आपल्या रागाची लाज वाटली.

मी ती उशिराचीच गाडी घेतली. पुढच्या पानावर प्रवाशांची संख्या विचारली होती. माझा हात तिथे थांबला.

"एक," परचुरे म्हणाले. "तेवढं कळतं मला. फक्त वेळ तिची राहू द्या. आयुष्यभर मी पुढे चालत राहिलो, कुलकर्णी, आणि ती धापा टाकत मागून यायची."

मी एक तिकीट काढलं. कूरचा मुक्कामही बुक केला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा स्टेशनवर गेलो. मी हलकी बॅग उचलली, कोणी सांगायच्या आत कठड्याला धरलं, आणि अर्ध्या जिन्यात जरा टेकलो. परचुरे माझ्यासाठी थांबले होते.