मिनतीची टाचणी

रोज सकाळी आठ वाजता प्रभाताई भिंतीवरच्या भारताच्या नकाशातून एक टाचणी उपसतात आणि नखभर वर कोलकात्यात टोचतात. संध्याकाळी पाचला ती टाचणी परत खाली, बजबज नावाच्या उपनगरात. टाचणी म्हणजे मिनती. प्रभाताईंकडे कामाला ती बजबजहून लोकलने येते. बावीस वर्षांत नकाशाला तिथे दोन भोकं पडली आहेत.

"रोजचं स्थलांतर," प्रभाताई सांगतात. "पुस्तकात याला दोन ओळी. हिचे रोज तीन तास जातात."

प्रभाताई आमच्या इमारतीत तळमजल्यावर राहतात. जन्म कोलकात्याचा, आडनाव मराठी, नोकरी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवण्याची. निवृत्तीला सतरा वर्षं झाली, पण तास अजून संपलेला नाही. नव्या माणसाला त्यांचा पहिला प्रश्न असतो, "ढकललं की ओढलं?" गावातून निघावं लागलं, की शहराने बोलावलं? ढकललेल्यांना नकाशावर लाल दोरा, ओढलेल्यांना हिरवा.

एकदा आम्ही टॅक्सीत बसलो. ड्रायव्हर बिहारचा निघाला. प्रभाताई पुढे वाकल्या. "बाढ़ या भाई?"

"जी?"

"गाँव से क्यों निकले? बाढ़ आयी, या भाई ने बुलाया?"

"दोनों, माताजी."

त्या इतक्या खूष झाल्या की आमचं वळण चुकलं. घरी येऊन त्यांनी त्या माणसाला दोन्ही रंगांचे दोरे एकत्र पिळून लावले.

मी कस्टम्समध्ये, खिदिरपूरच्या गोदीत. तीन वर्षांसाठी बदलून आलेली. मला दोराच मिळाला नाही.

"तू स्थलांतरित नाहीस," प्रभाताईंनी निकाल दिला. "तुला ढकललंही नाही, ओढलंही नाही. तुला पाठवलंय. तू पार्सल."

मला राग आला नाही. माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन माझ्या साहेबांनाही जमलं नसतं.

नकाशावर खुद्द प्रभाताईंची टाचणी नव्हती. "मी कुठून कुठे गेलेच नाही तर टोचू काय?" हे त्यांचं म्हणणं.

गेल्या हिवाळ्यात त्या न्हाणीघरात घसरल्या. पाय वाचला, पण काठी आली. पाठोपाठ पुण्याहून भाचा आला, समीर. मुलगा चांगला आहे. त्याने खोलीसुद्धा रंगवून ठेवली होती.

"आत्या, आता आपल्या माणसांत परत ये."

"परत? मी तिथून निघाले कधी?"

"तेच ते गं."

"तेच ते नाही. आधी निघावं लागतं, मग परतता येतं."

पण पाय दुखत होता, आणि समीर रोज प्रेमाने बोलत होता. तो बाहेर गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "सक्तीचं म्हणता येत नाही, ऐच्छिकही नाही. प्रेमाने ढकलतोय. हा प्रकार पुस्तकात नाही."

शेवटी ठरलं की एक महिना पुण्यात राहून बघायचं. मानवलं तर इथलं घर सोडायचं. मिनतीने बॅग भरून दिली.

झाडांना पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. पहिल्याच सकाळी आठला खाली गेले, तर दार उघडं आणि मिनती नकाशासमोर.

"अगं, घरात कुणी नाही. तू कशाला आलीस?"

"मग टाचणी कोण हलवणार?" ती बंगालीत म्हणाली आणि केर काढायला लागली. कालच काढलेला केर.

ती रोज आली. अकराव्या दिवशी मी पुण्याला फोन केला. तब्येतीची चौकशी झाली, मग मी सांगून टाकलं, "मिनती रोज येते. टाचणी हलवते."



"संध्याकाळी परतही नेते?"

"बरोबर पाचला."

"बजबजचं भोक सैल झालंय. मागून कागद चिकटवायला हवा," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

तीन दिवसांनी मी त्यांना आणायला हावड्याला गेले. समीरने खिडकीजवळची जागा मिळवून दिली होती आणि दोन वेळचा डबाही. टॅक्सीत मी विचारलं, "ढकललं की ओढलं?"

"पुण्यात सगळे विचारायचे, तुम्ही मूळच्या कुठल्या," त्या म्हणाल्या. "इथेही आयुष्यभर तेच विचारतात. ड्रायव्हरला सांग, डावीकडे घे."

दार मिनतीने उघडलं. "किती वाळलात, दिदिमोणी!" म्हणून ती रागावली. प्रभाताई खुर्चीकडे गेल्याच नाहीत. काठी टेकत नकाशापाशी गेल्या आणि त्यांनी हिरवा दोरा काढला. एक टोक पुण्याला टोचलं. दुसऱ्या टोकाची टाचणी कोलकात्यात, मिनतीच्याच भोकात, तिच्या टाचणीला खेटून बसवली.

"ते भोकही सैल आहे," मी म्हटलं.

"एकीला सैल होतं."

त्यांनी हलवून पाहिलं. दोन्ही टाचण्या घट्ट बसल्या होत्या.

पाचला मिनतीने पदराला हात पुसले आणि आपली टाचणी काढून बजबजला लावली. मागे राहिलेली कलली. मी सरळ करायला हात पुढे केला.

"राहू दे," प्रभाताई म्हणाल्या. "सकाळी आठला होते सरळ."