गोळी मिळाल्याची सही

मी कारखान्यात स्टोअरकीपर आहे. बावीस वर्षांत माझ्या स्टोअरमधून सहीशिवाय एक वॉशर बाहेर गेलेला नाही! त्यामुळे डॉक्टर जेव्हा म्हणाले, "बाबांचं बी-बारा फार कमी आहे, रोज एक गोळी, चुकवायची नाही," तेव्हा मी तोऱ्यात म्हणालो, "ते माझ्यावर सोडा!"

"विसराळूपणा कधीकधी यामुळेही येतो," डॉक्टर म्हणाले. "तीन महिने बघू. फरक पडला नाही, तर दुसरं कारण शोधावं लागेल."

त्या दुसऱ्या कारणाची मला भयंकर धास्ती होती. आईला जाऊन दोन वर्षं झाली, तरी बाबा रोज संध्याकाळी दाराकडे बघून विचारायचे, "ती आली नाही अजून?" एकदा मी खरं सांगितलं. ते नुकतंच घडल्यासारखे रडले. पुन्हा सांगायची माझी हिंमत झाली नाही.

मी तक्ता आखला. तारीख, वार, 'गोळी मिळाली', सही. रोज सकाळी बाबांच्या हातावर गोळी ठेवायची, सही घ्यायची आणि आंघोळीला पळायचं. बाहेर आलो की, "बाबा, गोळी घेतली का?" निघताना पुन्हा. कारखान्यातून फोन करून पुन्हा!

आठवड्याभरात चमत्कार! बाबा स्वतः माझा चहा घेऊन यायला लागले.

"बघितलंस? गुण आला!" मी बायकोला म्हणालो. "पण तुझ्या चहाला ही कसली चव गं?"

"तोच चहा मीही पिते. मला कशी लागत नाही ती चव?"

यावरून आमचं रोज वाजायचं. संध्याकाळचा प्रश्न मात्र काही थांबेना.

तीन महिन्यांनी बाबांचं रक्त द्यायला गेलो. बायको म्हणाली, "अहो, तुम्हीही तपासून घ्या. तुमच्या जिभेचं काहीतरी बिघडलंय."

रिपोर्ट आले. बाबांचं बी-बारा होतं तिथेच. माझं मात्र उतू चाललेलं!

"बाटल्या बदलल्यात तुम्ही!" मी लॅबमध्ये जाऊन थयथयाट केला. लॅबवाल्या बाईंनी शांतपणे दोघांचं रक्त पुन्हा घेतलं. पुन्हा तेच!

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नक्की गोळ्या कोण घेतंय?"

मी त्यांच्यासमोर तक्ता आपटला. नव्वद दिवस, नव्वद सह्या!

"ही मिळाल्याची सही," डॉक्टर म्हणाले. "गिळल्याची कुठेय?"

मी तसाच घरी आलो. "बाबा, गोळ्यांचं काय केलंत?"

बाबांनी सुनेकडे चोरून बघितलं आणि आवाज खाली आणला. "अरे, तुझ्या चहात घातल्या."

बाबा चाळीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होते. "दोन चमच्यांत धरून चुरायची. कळत नाही कुणाला. औषधाला तोंड वाकडं करणारे कितीतरी पेशंट मी असेच बरे केलेत."

"पण मला कशाला?"

"दिवसभर तेच तेच विचारायचास! गोळी घेतली का, गोळी घेतली का! मी हो म्हणायचो, तू परत विचारायचास. म्हटलं, या वयात पोराचं डोकं असं व्हायला लागलं..." त्यांचे डोळे भरून आले. "मी फार घाबरलो रे."

बायको तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात पळाली. हसायला की रडायला, मी विचारलं नाही. मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. औषध पोटात गेलंच नव्हतं, म्हणजे ते दुसरं कारण अजून तीन महिने तरी लांब होतं!

"आता आठवतं ना तुला सगळं नीट?" बाबांनी विचारलं.

"हो, बाबा."

"मग सांग बरं, तुझी आई कधी येते म्हणाली होती?"

रिपोर्टप्रमाणे माझ्याइतकं बी-बारा आमच्या अख्ख्या गल्लीत कुणाकडे नसेल. मी खाली मान घालून म्हणालो, "विसरलो, बाबा."

बाबांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि ते दोन चमचे आणायला उठले.